यशस्वी गुंतवणूकदारांचे निर्णय कसे अभ्यासावेत: कोल्हापूरच्या नव्या भागधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

शाहू मार्केट यार्डातील गुळाचे सौदे ज्याने पाहिले आहेत, त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. मोठा खरेदीदार गुळाच्या कोणत्या रव्यांवर (ढेपांवर) बोली लावतो हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते. पण त्याच्याकडे गुजरातेतील कोणत्या पेठेची मागणी आधीच नोंदवलेली आहे, माल किती दिवस साठवून ठेवण्याची त्याची ऐपत आहे आणि आधीच्या स्वस्त खरेदीमुळे त्याची सरासरी किती खाली आली आहे, हे बोलीवरून कळत नाही. त्याच्या पाठोपाठ बोली वाढवणाऱ्या नवख्याला माल तोच मिळतो, व्यवहार मात्र तो मिळत नाही. शेअर बाजारात नावाजलेल्या गुंतवणूकदाराने अमुक कंपनी घेतली अशी बातमी वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला खरेदीची ऑर्डर टाकणाऱ्यांची स्थिती नेमकी अशीच असते.

म्हणून या लेखात शिकण्याचा अर्थ मर्यादित ठेवला आहे. गुंतवणूकदाराने काय घेतले यापेक्षा त्या वेळी त्याच्यासमोर कोणते कागद होते आणि त्या कागदांवरून आपण स्वतः कोणत्या निर्णयाला आलो असतो, याचा सराव करणे एवढाच तो अर्थ आहे. या सरावाला वेळ लागतो, पैसे जवळजवळ लागत नाहीत. पुढे आलेली कंपन्यांची नावे समजावून सांगण्यापुरती आहेत. त्यांत खरेदी-विक्रीची कोणतीही शिफारस नाही.

पहिली पायरी: कोणाकडून शिकायचे ते ठरवणे

सगळे यशस्वी गुंतवणूकदार एकच गोष्ट करत नाहीत आणि त्यांची वचने एकत्र करून वाचली की ती एकमेकांना छेद देतात. बेंजामिन ग्रॅहम (१८९४ ते १९७६) यांची पद्धत अशी की कंपनीचे मूल्य अंदाजे ठरवावे आणि भाव त्याहून बराच खाली असेल तरच घ्यावे, म्हणजे अंदाज चुकला तरी नुकसान आटोक्यात राहते. त्यांचे शिष्य वॉरन बफे सुरुवातीला याच वाटेने गेले. पुढे त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांच्या प्रभावाने ते चांगला धंदा रास्त भावात घेऊन दीर्घकाळ ठेवण्याकडे वळले, आणि १९७२ मध्ये अडीच कोटी डॉलरना घेतलेली सीज कँडीज ही मिठाईची कंपनी त्या वळणाचे ठळक उदाहरण मानली जाते. पीटर लिंच यांनी १९७७ ते १९९० या काळात मॅगेलन हा अमेरिकी म्युच्युअल फंड सांभाळताना वर्षाला सरासरी सुमारे २९ टक्के परतावा दिला, तोही शेकडो कंपन्यांचे शेअर बाळगून. राकेश झुनझुनवाला यांनी १९८५ मध्ये पाच हजार रुपयांपासून सुरुवात केली. त्यांच्या कारकिर्दीत दीर्घकालीन गुंतवणूक आणि रोजची उलाढाल या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालत होत्या.

यांतून निवड करताना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, त्या व्यक्तीची कारणे लेखी उपलब्ध आहेत का. बफे यांची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रे बर्कशायर हॅथवे या त्यांच्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात आणि त्यांत खरेदीमागचा विचार त्यांच्याच शब्दांत आहे. याउलट अनेक भारतीय गुंतवणूकदारांच्या बाबतीत आपल्याला फक्त खरेदीची बातमी मिळते आणि कारणे पत्रकारांनी मागाहून जोडलेली असतात. दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे त्यांच्या पैशाचा स्वभाव आपल्या पैशासारखा आहे का. बफे यांच्या हाताशी विमा कंपन्यांकडे जमा होणाऱ्या हप्त्यांचा मोठा, दीर्घकाळ राहणारा पैसा असायचा. घराच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्या, मुलीच्या शिक्षणासाठी चार वर्षांनी रक्कम लागणार असलेल्या किंवा उसाच्या बिलाच्या आधारावर वर्षाचे नियोजन करणाऱ्या माणसाकडे असा पैसा नसतो.

झुनझुनवाला यांची उलाढालीची बाजू तर अनुकरणातून संपूर्ण वगळावी असे माझे स्पष्ट मत आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांत) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

नोकरदार किंवा दुकानदार वाचकाने ग्रॅहम यांच्याकडून भावाची शिस्त आणि लिंच यांच्याकडून कंपन्यांचे वर्गीकरण घ्यावे. बफे यांची पत्रे धंदा वाचायला शिकण्यासाठी आहेत. एकाच वेळी पाच-सहा गुरू करू नयेत.

दुसरी पायरी: भागधारणेचा तक्ता वाचणे

मोठ्या गुंतवणूकदारांच्या खरेदीच्या बहुतेक बातम्या एकाच कागदावरून तयार होतात. प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत भागधारणेचा तपशील शेअर बाजाराला कळवावा लागतो. त्यात प्रवर्तक (कंपनी उभी करणारे आणि ताब्यात ठेवणारे), परदेशी संस्था, म्युच्युअल फंड यांचे वाटे असतात आणि एक टक्का किंवा त्याहून अधिक शेअर असलेल्या सार्वजनिक भागधारकांची नावे स्वतंत्र दिलेली असतात. बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की हा तक्ता मिळतो, त्यासाठी कोणत्याही ॲपला वर्गणी भरण्याची गरज नाही. मात्र तो वाचताना चार बाबी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली बाब उशिराची. समजा एखाद्या गुंतवणूकदाराने ३ जानेवारीला शेअर घेतले, तर ते नाव मार्चअखेरच्या तक्त्यात येईल आणि तो तक्ता २१ एप्रिलपर्यंत केव्हाही प्रसिद्ध होईल. म्हणजे आपण साडेतीन महिन्यांपूर्वीचा निर्णय आजचा म्हणून वाचत असतो आणि दरम्यान भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. दुसरी बाब भावाची, कारण तक्त्यात शेअरची संख्या असते, खरेदीची किंमत नसते. ज्याने शेअर चाळीस रुपयांना घेतले त्याला चारशेचा भाव दोनशेवर आला तरी झोप लागते; चारशेला घेणाऱ्याला लागत नाही.

तिसरी बाब बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. तक्त्यातून नाव गायब झाले म्हणजे त्या व्यक्तीने सगळे शेअर विकले असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण वाटा ०.९८ टक्क्यांवर आला तरी नाव छापले जात नाही. कंपनीने नवे शेअर काढल्यामुळे एकही शेअर न विकता टक्केवारी घटलेली असू शकते. म्हणून टक्क्यांच्या शेजारी दिलेली शेअरची प्रत्यक्ष संख्या मागच्या तिमाहीशी ताडून पाहावी, आणि वाटा पत्नीच्या किंवा कौटुंबिक कंपनीच्या नावावर विभागलेला असेल तर त्या ओळीही मिळवाव्यात.

चौथी बाब बल्क डीलच्या बातम्यांची. एका दिवसात कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून अधिक उलाढाल एखाद्याने केली की त्याच संध्याकाळी बाजार ते जाहीर करतो. परंतु त्या यादीतील कित्येक नावे सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्या संस्थांची असतात आणि खरेदीच्या ओळीखालीच तेवढ्याच विक्रीची ओळ असते. बातमी बहुधा वरच्या ओळीवर थांबते.

प्रसिद्ध नाव शोधण्यापेक्षा याच तक्त्यातील एक दुर्लक्षित रकाना मला जास्त उपयोगी वाटतो, तो प्रवर्तकांनी गहाण ठेवलेल्या शेअरचा. तो आकडा तिमाहीगणिक वाढत असेल तर प्रवर्तकाला पैशाची गरज कुठून निर्माण झाली, हा प्रश्न कोणत्याही नामवंत भागधारकाच्या उपस्थितीपेक्षा आधी विचारला पाहिजे.

तिसरी पायरी: जुना निर्णय स्वतः सोडवून पाहणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी पायरी हीच आहे. नावाजलेल्या गुंतवणूकदाराचा किमान सात-आठ वर्षांपूर्वीचा एक निर्णय निवडावा. फार जुन्या काळातील कागद मिळवणे अवघड जाते, त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतील उदाहरण बरे. त्या कंपनीचा त्या वर्षाचा आणि त्याआधीच्या दोन वर्षांचा वार्षिक अहवाल बाजाराच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा आणि नंतरच्या वर्षांचा भावाचा आलेख कटाक्षाने पाहू नये. मग एका कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहावे: कंपनी पैसे कशातून मिळवते, कर्ज किती आणि ते केव्हा फेडायचे आहे, नफ्याच्या तुलनेत प्रत्यक्ष रोख किती हाती आली, प्रवर्तकांचे इतर उद्योग कोणते, त्या वेळचा भाव नफ्याच्या किती पट होता आणि हा धंदा बिघडू शकेल अशी दोन कारणे कोणती. शेवटी ‘घेतले असते’ किंवा ‘घेतले नसते’ यांपैकी एक पर्याय तारखेसह लिहावा. त्यानंतरच पुढच्या वर्षांचे अहवाल उघडावेत.

तुलना करताना भाव वाढला की नाही एवढ्यावर थांबू नये, आपण लिहिलेले कारण खरे ठरले की नाही ते पाहावे. कारण चुकूनही भाव वाढलेला असतो, आणि असा योगायोग पुढच्या वेळी महागात पडतो.

कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारायचे हे टायटनच्या उदाहरणावरून समजेल. झुनझुनवाला यांनी या कंपनीत २००२-०३ च्या सुमारास खरेदी सुरू केली आणि २०२२ मध्ये निधन होईपर्यंत मोठा वाटा राखला. आज हा निर्णय सरळसोट वाटतो, पण त्या काळात टायटनची ओळख घड्याळांची कंपनी अशी होती आणि दागिन्यांचा ब्रँड असलेला तनिष्क अजून स्वतःला सिद्ध करत होता. अभ्यास करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असा होता की पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या सराफाकडे जाणारे ग्राहक ब्रँडच्या दुकानात जातील का.

कोल्हापूरच्या वाचकाला या प्रश्नाचा अभ्यास गुजरी या सराफी पेठेत करता येतो. घडणावळ कशी आकारली जाते, जुने सोने मोडीत घालताना तूट किती धरतात, पेढीवरचा विश्वास कोणत्या गोष्टींवर उभा असतो आणि ब्रँडच्या दुकानातील छापील पावती त्यात काय बदल करते, हे तिथे प्रत्यक्ष विचारता येते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग सक्तीचे झाल्यावर शुद्धतेच्या बाबतीत ब्रँडला पूर्वी असलेला वेगळेपणा कमी झाला का, हा त्याच अभ्यासाचा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणत्याही गुंतवणूकदाराच्या मुलाखतीत तयार मिळणार नाही.

या उदाहरणात एक तांत्रिक सापळाही आहे. टायटनने २०११ मध्ये शेअरचे विभाजन केले आणि बोनसही दिला, म्हणजे एका जुन्या शेअरचे अनेक शेअर झाले, त्यामुळे त्याआधीचा भाव आजच्या भावाशी थेट ताडून पाहता येत नाही. ‘अमुक रुपयांचा शेअर आज इतक्या हजारांवर’ अशा मजकुरात पुष्कळदा हा हिशेब एका बाजूने केलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने सोडून दिलेला असतो.

चौथी पायरी: त्यांच्या तोट्यांचा अभ्यास

यशाच्या कथा गाळून आपल्यापर्यंत येतात, म्हणून सरावासाठी निवडलेल्या निर्णयांपैकी निदान निम्मे फसलेले असावेत. डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी त्यासाठी उत्तम आहे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी तिचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला, पुढच्या वर्षी कंपनी देणी थकवू लागली, नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि २०२१ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया संपली तेव्हा भागधारकांच्या हाती काहीही उरले नाही. भागधारकांच्या यादीत झुनझुनवाला यांचेही नाव होते.

या कंपनीच्या अहवालांत दिसण्यासारखी मूळ अडचण सोपी होती. घरासाठी दिलेली कर्जे पंधरा-वीस वर्षांनी परत यायची होती, आणि त्यासाठी घेतलेल्या पैशाचा एक भाग थोड्या महिन्यांत फेडायचा होता. आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने देणी थकवल्यावर बाजारात अल्पमुदतीचा पैसा मिळेनासा झाला आणि हे अंतर उघडे पडले. मुदत ठेवी घेऊन कर्जे वाटणाऱ्या पतसंस्थेचे काम ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हा धोका वित्तशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळतो. फक्त ताळेबंदाच्या टिपांमधील मुदतीनुसार विभागणीचे पान उघडण्याची सवय लागते.

बफे यांनी १९९३ मध्ये डेक्स्टर ही अमेरिकी पादत्राणे बनवणारी कंपनी सुमारे ४३ कोटी डॉलरना घेतली आणि किंमत रोखीने न देता बर्कशायरच्या शेअरच्या रूपाने दिली. स्वस्त आयातीपुढे डेक्स्टर टिकली नाही, आणि दिलेल्या शेअरची किंमत मात्र वाढत गेली. २००७ सालच्या पत्रात त्यांनी हा सौदा आपला सर्वांत वाईट सौदा असल्याचे कबूल केले. चप्पलांच्या शहरात राहणाऱ्याला स्वस्त नकलेचा धंद्यावर काय परिणाम होतो हे वेगळे शिकवावे लागणार नाही, पण किंमत कोणत्या चलनात चुकवली हा या प्रकरणातील दुसरा धडा सहज सुटतो.

पाचवी पायरी: माहितीच्या धंद्यापासून सुरुवात, पण पूर्ण माहितीनिशी

आपल्याला जे ठाऊक आहे त्यातच गुंतवणूक करावी, हा लिंच यांचा विचार म्हणून सांगितला जातो आणि त्याचा अर्थ ‘ज्या दुकानात गर्दी दिसते त्याचे शेअर घ्या’ असा लावला जातो. प्रत्यक्षात त्यांनी कंपन्यांचे सहा प्रकार केले होते आणि प्रत्येक प्रकारासाठी वेगळे प्रश्न ठेवले होते. त्यांपैकी एक प्रकार चक्राकार धंद्यांचा, म्हणजे ज्यांचा नफा तेजी-मंदीच्या फेऱ्यांनुसार वर-खाली होतो त्यांचा. कोल्हापूरला हा प्रकार सर्वांत जवळचा आहे, कारण साखर आणि फाउंड्री हे जिल्ह्याचे दोन्ही मोठे उद्योग त्यात मोडतात.

साखरेच्या बाबतीत पहिला खुलासा असा की जिल्ह्यातील बहुतेक कारखाने सहकारी आहेत. सभासद म्हणून आपल्याकडे असलेला भाग हा बाजारात विकता येणारा शेअर नव्हे, आणि आपल्या कारखान्याचा कारभार पाहून काढलेले निष्कर्ष सूचीबद्ध साखर कंपनीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. सूचीबद्ध कंपन्यांपैकी काहींचे कारखाने जिल्ह्यात आहेत, जसे आसुर्ले-पोर्ले येथील दालमिया भारत शुगरचा कारखाना. पण त्याच कंपनीचे इतर बहुतेक कारखाने उत्तर प्रदेशात आहेत. पंचगंगेला आलेले पाणी, उसाचे क्षेत्र, गाळप केव्हा सुरू झाले आणि ऊसदराचे आंदोलन कुठवर आले, हे इथल्या माणसाला मुंबईतील विश्लेषकाच्या आधी कळते. कंपनीचा नफा मात्र देशभरातील साखरेचा भाव, निर्यातीला परवानगी आणि इथेनॉलचे धोरण यांवर ठरतो. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले तेव्हा साखर कंपन्यांचे शेअर लगेच घसरले, आणि शेतात उभ्या असलेल्या उसावरून तो आदेश कोणाला आधी दिसला नव्हता.

चक्राकार धंद्यातील सर्वांत फसवा आकडा म्हणजे भाव आणि नफा यांचे गुणोत्तर. तेजीच्या वर्षात नफा फुगलेला असतो, त्यामुळे शेअर नफ्याच्या सहा-सात पटीत मिळतो आहे असे दिसते आणि नवखा माणूस तो स्वस्त समजतो. मंदीच्या वर्षात नफा नगण्य होतो आणि तोच शेअर पन्नास पटीने महाग दिसतो. म्हणून अशा कंपनीचा एका वर्षाचा नफा न घेता सात-आठ वर्षांची सरासरी घ्यावी आणि भाव तिच्याशी ताडावा. ही पद्धत ग्रॅहम यांची आहे आणि ती आजही कागद-पेन्सिलीने करता येते.

फाउंड्री आणि यंत्रभागांच्या धंद्यात इथल्या वाचकाची जाण अधिक खोल असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्याला पिग आयर्न आणि भंगाराचे दर, फर्नेसचे वीजबिल, रद्द होणाऱ्या कास्टिंगचे प्रमाण आणि वाहन कंपन्या पैसे द्यायला किती दिवस लावतात, हे रोजच्या कामातून माहीत असते. मेनन पिस्टन्स, मेनन बेअरिंग्ज यांसारख्या सूचीबद्ध कंपन्या इथल्याच आहेत, त्यामुळे त्यांचे अहवाल सरावासाठी वाचणे सोपे जाते. मात्र एक सूचना काळजीपूर्वक वाचावी. आपण पुरवठादार किंवा कर्मचारी म्हणून काम करताना एखाद्या सूचीबद्ध कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याचे किंवा तिचा नफा घटल्याचे जाहीर होण्याआधीच समजले, तर त्या माहितीवर शेअर घेणे अथवा विकणे सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहारविषयक नियमांनुसार गुन्हा ठरतो. धंद्याची सर्वसाधारण जाण वापरता येते, जाहीर न झालेली बातमी वापरता येत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक सवय लावून घ्यावी. तिमाही निकालांनंतर कंपन्या विश्लेषकांशी दूरध्वनीवर बैठक घेतात आणि तिचा लेखी वृत्तान्त बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. त्यातील व्यवस्थापनाची उत्तरे बाजूला ठेवून आधी फक्त प्रश्न वाचावेत. अनुभवी गुंतवणूकदार कोणत्या आकड्यावर परत परत बोट ठेवतात आणि कोणत्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळते, हे दोन-तीन वर्षांचे वृत्तान्त सलग वाचल्यावर स्पष्ट होते.

सहावी पायरी: निर्णयाची वही आणि रकमेचा हिशेब

खरेदीपूर्वी वहीत नोंद केली नाही तर काही महिन्यांनी आपणच आपली कारणे बदलून घेतो. नोंद कशी असावी, हे एका काल्पनिक कास्टिंग कंपनीवरून पाहू. भाव २४० रुपये, गेल्या वर्षीचा प्रतिशेअर नफा १२ रुपये, म्हणजे भाव नफ्याच्या २० पट. सात वर्षांचा सरासरी नफा ९ रुपये, त्यावर तोच भाव सुमारे २७ पट. विक्री २७० कोटींवरून ३०० कोटींवर गेली, म्हणजे ११ टक्क्यांनी वाढली. ग्राहकांकडून येणे मात्र ५४ कोटींवरून ७५ कोटींवर गेले, म्हणजे जवळजवळ ३९ टक्क्यांनी. उधारी सरासरी ७३ दिवसांवरून ९१ दिवसांवर गेली आहे.

एवढी नोंद केल्यावर नफ्यातील वाढ उधारीवर माल ढकलून आली आहे का, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मग त्याखाली लिहावे की पुढच्या सहामाहीत उधारी ८० दिवसांच्या खाली आली नाही तर घेणार नाही, आणि घेतल्यानंतर ती १०० दिवसांवर गेली तर भाव काहीही असला तरी बाहेर पडायचे. भाव पडला म्हणून विकायचे की कारण बिघडले म्हणून, याचा निवाडा खरेदीच्या आधीच झालेला असला पाहिजे.

रकमेच्या बाबतीत अनुकरण करणाऱ्याची सर्वाधिक फसगत होते. समजा २,००० कोटींच्या कंपनीत एखाद्या बड्या गुंतवणूकदाराचा १.२ टक्के वाटा आहे, तर त्याचे २४ कोटी त्यात आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्याची एकूण गुंतवणूक ६,००० कोटींची असेल तर हा हिस्सा केवळ ०.४ टक्के होतो. त्याचा ‘विश्वास’ पाहून आपण पाच लाखांच्या बचतीतील दोन लाख गुंतवले तर आपले प्रमाण ४० टक्के होते. शेअर निम्म्यावर आला की त्याचे ०.२ टक्के नुकसान होते आणि आपले २० टक्के.

म्हणून सुरुवातीला एका कंपनीत एकूण शेअर गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम घालू नये, आणि येत्या पाच वर्षांत लागणारा पैसा या हिशेबात धरूच नये. बाजार किती वेगाने खाली येऊ शकतो याची एक नोंद वहीच्या पहिल्या पानावर असावी: जानेवारी २०२० मध्ये १२,३०० च्या वर असलेला निफ्टी हा एनएसईचा निर्देशांक २३ मार्च २०२० रोजी ७,६१० वर बंद झाला होता. उसने किंवा तारण ठेवून आणलेले पैसे असते तर तोपर्यंत ब्रोकरने आपले शेअर विकून टाकले असते.

सातवी पायरी: नावांचा वापर करून होणारी फसवणूक ओळखणे

प्रसिद्ध गुंतवणूकदाराचे छायाचित्र लावलेले व्हॉट्सॲप किंवा टेलिग्राम गट, त्यातून दिला जाणारा वेगळ्या ॲपचा दुवा आणि त्या ॲपमध्ये रोज वाढत जाणारा खोटा नफा हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. शेअर बाजारात पैसे लावून दरमहा ठरावीक परतावा देण्याचे आश्वासन देणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातही अनेक कुटुंबांना बुडवले आहे. बाजारात ठरावीक मासिक परतावा अस्तित्वातच नसतो, एवढी एक खूण पुरेशी आहे. सल्ला देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः तपासावा, पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात भरू नयेत आणि फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नोंदणीकृत ब्रोकर किंवा सल्लागाराविरुद्धच्या तक्रारीसाठी सेबीची स्कोअर्स ही व्यवस्था आहे.

आठवी पायरी: वर्षातून एकदा मोजमाप

एवढा अभ्यास करून मिळालेला परतावा काहीही न करता मिळाला असता त्यापेक्षा जास्त आहे का, हे मोजल्याशिवाय समजत नाही. बफे यांनी २००८ पासून दहा वर्षांची एक पैज लावली होती, त्यात त्यांनी निवडक हेज फंडांच्या (श्रीमंतांचा पैसा भारी शुल्क घेऊन गुंतवणाऱ्या फंडांच्या) गटाविरुद्ध अमेरिकेचा साधा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातील सगळ्याच कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, उभा केला आणि पैज जिंकली. शेअर निवडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने सर्वसामान्यांना इंडेक्स फंडाची शिफारस करावी, ही बाब त्यांच्या चाहत्यांनी जरा जास्त गांभीर्याने घ्यायला हवी, असे मला नेहमी वाटते.

त्यामुळे सुरुवातीची तीन वर्षे शेअरसाठी ठेवलेल्या रकमेपैकी निदान तीन चतुर्थांश भाग निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात ठेवावा आणि उरलेल्या भागातच स्वतःच्या निवडीचा प्रयोग करावा. ३१ मार्चला दोन्हींचा परतावा शेजारी शेजारी लिहावा. तुलनेसाठी निर्देशांकाचा लाभांशासह मोजलेला टोटल रिटर्न आकडा घ्यावा, कारण वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो आणि त्यामुळे आपली कामगिरी आहे त्यापेक्षा चांगली भासते. स्वतःच्या परताव्यातून दलाली, इतर शुल्के आणि कर वजा करावेत. २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आत विकलेल्या सूचीबद्ध शेअरच्या नफ्यावर २० टक्के, आणि त्यानंतर विकलेल्यांवर वर्षाला सव्वा लाखापुढील नफ्यासाठी १२.५ टक्के कर आहे. पाच वर्षांच्या अखेरीस आपली निवड निर्देशांकाच्या मागे राहिली असेल, तर प्रयोगाची रक्कमही इंडेक्स फंडात वळवावी. वाचनाची सवय मात्र सोडू नये, कारण वार्षिक अहवाल वाचता येणे पतसंस्थेत ठेव ठेवतानाही उपयोगी पडते.